हेदरचं माळरान, एस्कचं खोरं: नॉर्थ यॉर्क मूर्सवर पहिल्यांदा ग्रॅव्हल सायकल नेताना

इंग्लंडमधल्या नॉर्थ यॉर्क मूर्स या माळरानावर मी पहिल्यांदा ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मातीच्या वाटांसाठीची जाड टायरांची सायकल, घेऊन गेलो, तेव्हा फोनमधल्या ॲपने ४२ किलोमीटरची फेरी आखून दिली होती. डांबरी रस्त्यावर मला तेवढ्याला दोन तास लागतात, म्हणून मी अडीच धरले. परत स्टेशनवर आलो तेव्हा साडेसहा तास उलटले होते. त्यातला दीड तास सायकल ढकलत काळ्या चिखलातून चालण्यात गेला. दोन ठिकाणी तर मी अशा वाटेवर होतो जिथे सायकल चालवायचा मला हक्कच नव्हता. एका शेतकऱ्याने फाटकाशी थांबवून अगदी शांतपणे ते सांगितलं, योग्य वाट कुठून जाते तेही दाखवलं.

तेव्हापासून मी इथे अंतर सगळ्यात शेवटी बघतो. आधी वाटेचा हक्क, मग पायाखालची जमीन, मग चढ, आणि उरलं तर किलोमीटर. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या, सायकल येते पण मूर माहीत नाही अशा मराठी मंडळींसाठी.

१. आधी चार शब्द कानात बसवा

मूर म्हणजे उंचावरचं उघडं माळरान. झाडं जवळजवळ नाहीत, जमीन हेदरच्या गुडघाभर झुडपांनी झाकलेली. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत हेदर फुलतं आणि माथाच्या माथा जांभळा होतो. नॉर्थ यॉर्क मूर्स हे १९५२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, साधारण १,४३६ चौरस किलोमीटरचं. पण उद्यान म्हणजे सगळी जमीन सरकारी असं इथे नसतं. बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे, आणि पुढचा सगळा हक्कांचा भाग त्यामुळेच येतो.

डेल म्हणजे खोरं, बेक म्हणजे ओढा, रिग म्हणजे दोन खोऱ्यांमधली लांबट धार. या तीन शब्दांवर नकाशा अर्धा उलगडतो: फार्नडेल, रोझडेल ही खोरी आणि रुडलंड रिग ही फार्नडेलच्या पश्चिमेची धार.

दोन शब्द मात्र आपल्याला फसवतात. ‘बँक’ म्हणजे इथे खडा चढ. नकाशावर चिमणी बँक दिसलं तर सावध व्हा, रोझडेलमधला तो रस्ता काही ठिकाणी ३३ टक्के चढाचा आहे. दुसरा शब्द ‘फुटपाथ’. आपल्या डोक्यात फुटपाथ म्हणजे रस्त्याकडेचा पदपथ. इथे पब्लिक फुटपाथ ही शेतांतून, माळावरून जाणारी, फक्त पायी जाणाऱ्यांच्या हक्काची वाट आहे. नवख्या माणसाची पहिली चूक बहुधा याच शब्दाने होते.

२. वाटेवर सायकलला हक्क आहे का, ते तपासा

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण वगळू नका.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने सायकलस्वारांना ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांसाठीच्या वाटांवर, जायची मुभा दिली. त्याला अट आहे: पायी चालणारे आणि घोडेस्वार यांना आपण वाट द्यायची. याच कायद्यात असंही आहे की ब्रायडलवे सायकलसाठी सोयीची करून देण्याचं बंधन कोणावर नाही. म्हणून नकाशावर छान हिरवी रेघ आणि प्रत्यक्षात घोड्यांच्या टापांनी भोकं पडलेला चिखल, हे चित्र वारंवार दिसेल. तक्रार करायला जागा नाही.

सोबत ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे १:२५,००० प्रमाणाचे एक्सप्लोरर नकाशे घ्या. या भागासाठी दोन लागतात: पश्चिमेकडचा ओएल २६ आणि पूर्वेकडचा ओएल २७. त्यावरच्या हिरव्या खुणा अशा वाचायच्या:

– आखूड तुटक रेषा: फुटपाथ. सायकलला हक्क नाही.
– लांब तुटक रेषा: ब्रायडलवे. चालेल.
– रेषेवर एकाआड एक बाजूला अर्ध्या काड्या: रिस्ट्रिक्टेड बायवे, म्हणजे मोटारींना बंद असलेली वाट. चालेल.
– रेषेवर फुल्यांसारख्या पूर्ण काड्या: सगळ्या वाहतुकीला खुला बायवे. चालेल, पण मोटारसायकली आणि जीपही भेटतील.

प्रत्यक्ष वाटेवर खांबांवर बाण असतात. पिवळा बाण फुटपाथचा, निळा ब्रायडलवेचा, जांभळट रिस्ट्रिक्टेड बायवेचा, लाल खुल्या बायवेचा. घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा: पिवळा दिसला की थांबा.

आता तीन सापळे.

पहिला सापळा ‘ओपन ॲक्सेस’चा. मूरच्या मोठ्या भागावर २००० च्या कायद्याने लोकांना मोकळं फिरायची मुभा आहे आणि नकाशावर तो भाग पिवळसर रंगवलेला असतो. ती मुभा पायी फिरणाऱ्यांसाठी आहे. पिवळसर भाग दिसला म्हणून सायकल कुठेही घालता येत नाही.

दुसरा स्कॉटलंडचा. तिथे २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या सायकलस्वाराला जवळपास सगळीकडे जाता येतं. त्या अनुभवावर आधारलेला सल्ला यॉर्कशरमध्ये वापरला की आपण अडचणीत येतो.

तिसरा सापळा मला सगळ्यात जास्त वेळा लागला. माळावर अचानक सुंदर, रुंद, खडी घातलेला ट्रॅक दिसतो. ग्रॅव्हल टायरसाठीच केला असावा असा. असे बरेच ट्रॅक ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी जमीनमालकांनी केलेले असतात. ते दोन-तीन किलोमीटर ऐटीत जातात आणि शिकाऱ्यांनी दबा धरायच्या दगडी आडोशांपाशी संपतात. पुढे फक्त हेदर. वाट चांगली आहे याचा अर्थ ती सार्वजनिक आहे असा नाही आणि ती कुठेतरी पोहोचते असाही नाही. ॲप असे तुकडे आनंदाने जोडून देतात. म्हणून ॲपने आखलेली प्रत्येक रेघ मी ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावर बोट ठेवून पडताळतो. अर्धा तास जातो, पण पुढचा अर्धा दिवस वाचतो.

फुटपाथवर सायकल चालवणं हा सहसा फौजदारी गुन्हा ठरत नाही, पण दुसऱ्याच्या जमिनीत विनापरवानगी शिरणं होतं आणि मालक तुम्हाला परत फिरायला सांगू शकतो. सांगितलं तर वाद घालू नका. पुढच्या सायकलस्वाराशी तो कसा वागेल हे तुमच्या वागण्यावर ठरतं.

३. जमीन वाचायला शिका

मूरचा माथा ज्युरासिक काळातल्या वालुकाश्माचा आहे. तो झिजून वाळू आणि खरखरीत खडी होते, पाणी निचरून जातं, टायर छान धरतो. खोऱ्यांच्या उतारांवर आणि तळाशी मात्र शेल हा मऊ, थरांचा खडक आणि चिकणमाती. त्यामुळे नवख्याला उलटं वाटेल असं घडतं: पावसाळी आठवड्यानंतर उंचावरची खडीची वाट चालण्याजोगी असते आणि खाली नदीकाठच्या गवताळ कुरणातली ब्रायडलवे चाकं जाम करते. चिकणमाती फोर्क आणि टायरच्या फटीत भरते, चाक फिरायचंच थांबतं. ओल्या दिवसांत मी खोऱ्यात लहान डांबरी रस्ते धरतो आणि मातीची हौस माथ्यावर भागवतो.

माथ्यावरचा शत्रू पीट. हजारो वर्षं न कुजता साचलेल्या वनस्पतींचा काळा, पाणी धरून ठेवणारा थर. वरून कोरडा दिसतो आणि पुढचं चाक आसापर्यंत आत जातं. तो ओळखायला झाडाझुडपांची मदत घ्या. दाट हेदर म्हणजे त्यातल्या त्यात कोरडी जमीन. उंच, गोल दांड्याचं रश गवत म्हणजे ओल. पांढऱ्या कापसाचे झुबके वाऱ्यावर हलताना दिसले की ते कॉटन ग्रास, खाली पाणथळ पीट. आणि पोपटी-हिरव्या शेवाळाची मऊ गादी दिसली तर तिच्यावर पायही ठेवू नका. ते स्फॅग्नम. पीटची जमीन त्याच्याचमुळे तयार होते आणि एकदा चाकाची चरी पडली की तिच्यातून पाणी वाहून ती आणखी खोल होत जाते. चिखल चुकवायला वाटेच्या कडेने जाऊ नका, वाट रुंदावत जाते. उतरा आणि मधून ढकला.

जुन्या फरसबंद वाटाही भेटतील. इथे त्यांना ‘ट्रॉड’ म्हणतात. माल लादलेली तट्टं ज्यावरून जायची त्या एका ओळीतल्या दगडी फरशा, शेकडो वर्षांच्या पावलांनी मध्ये खोलगट झालेल्या. फार देखण्या आहेत, आणि ओल्या असल्या की बर्फासारख्या निसरड्या. त्यातल्या बऱ्याच फुटपाथच आहेत, म्हणजे प्रश्न आपोआप सुटतो.

ओढा ओलांडायला कधी पूल नसतो, रस्ताच पाण्यातून जातो. त्याला फोर्ड म्हणतात. तळाच्या काँक्रीटवर हिरवी बुरशी धरलेली असते. चालत्या सायकलवरून मी तिथे पडलो आहे. कोपर महिनाभर दुखत होतं. शेजारी पादचाऱ्यांसाठी लाकडी साकव असतो, सायकल हातात घेऊन त्यावरून जा.

४. सायकल तयार करा

ग्रॅव्हल सायकलच हवी असं नाही, साधी माउंटन बाइकही चालेल. पण टायर अरुंद नको. ४० मिलिमीटर किमान धरा, ४५ असतील तर उत्तम. ट्यूबलेस केलेत तर वालुकाश्माच्या कडांवर ट्यूब चिमटून होणारे पंक्चर टळतील.

हवेचा दाब हा नवख्यांचा दुसरा मोठा घोटाळा. रस्त्यावरच्या सवयीने लोक टायर दगडासारखे टणक भरतात. तुमचं वजन सत्तर किलोच्या आसपास आणि टायर ४५ चे असतील, तर मागे ३२ ते ३५ आणि पुढे २८ ते ३० पीएसआयने सुरुवात करा. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला तर थोडी वाढवा. हाताला सतत झिणझिण्या येत असतील तर कमी करा.

गिअर हलके हवेत. पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती यांचे दाते निदान सारखे असावेत, मागचे जास्त असतील तर गुडघे सुटतील. इथले चढ लांब नसतात, पण उभे असतात. ब्रेकपॅड निघण्यापूर्वी बघा. ओली वाळू ते झरझर खाते.

५. सोबत काय घ्यायचं

परवाना कसलाच लागत नाही. सार्वजनिक वाटेवर सायकल चालवायला ना नोंदणी, ना शुल्क. कागदांत नकाशा, रेल्वेचं तिकीट, आणि खिशात एका चिठ्ठीवर घरच्यांचा फोन आणि तुमच्या औषधांची किंवा ॲलर्जीची नोंद. तुमच्या चुकीने दुसऱ्याला इजा झाली तर लागणारा थर्ड पार्टी विमा सायकल संघटनांच्या सदस्यत्वासोबत मिळतो. मी तो घेतो, सक्तीचा नाही.

अवजारं आणि बाकी सामान:

– दोन ट्यूब (ट्यूबलेस असलात तरी), टायर काढायच्या पट्ट्या, पंप, ट्यूबलेसचे प्लग
– मल्टिटूल, चेनची जोडकडी, आणि तुमच्याच फ्रेमला बसणारा सुटा हँगर. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ज्यावर टांगलेला असतो तो हा छोटा तुकडा. दगडावर आदळला की वाकतो आणि दुकानात प्रत्येक फ्रेमचा वेगळा मिळतो.
– पावसाचं जॅकेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, एक कोरडा गरम थर. जूनमध्येही.
– पुढचा-मागचा दिवा, शिट्टी, फॉइलची चादर
– पॉवर बँक आणि फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा. खोऱ्यांत रेंज वारंवार जाते.
– घंटी. ब्रायडलवेवर हिच्याइतकं उपयोगी काही नाही.

खाणं-पाणी तुम्हाला लागतं त्याच्या दीडपट. माथ्यावर दुकान नाही. ओढ्याचं पाणी तसंच पिऊ नका, वर मेंढ्या चरत असतात.

६. दिवस आणि हवा निवडा

पहिल्या फेरीसाठी मे ते सप्टेंबरमधला, आधी चार-पाच दिवस कोरडे गेलेला दिवस घ्या. डिसेंबरात इथे चारच्या आधीच सूर्य मावळतो. जूनमध्ये साडेनऊनंतरही उजेड असतो.

वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून रेल्वेने पश्चिमेला जाऊन पूर्वेकडे, समुद्राकडे सायकल चालवत यायचं, हा इथला सोपा नियम. उघड्या माथ्यावर समोरचा वारा म्हणजे न संपणारा चढ.

समुद्राकडून येणाऱ्या धुक्याला इथे ‘फ्रेट’ म्हणतात. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, जमीन तापलेली आणि उत्तर समुद्र अजून गार असतो तेव्हा ते येतं. डॅनबी बीकनच्या टेकडीवर मी उन्हात बाही सरसावून बसलो होतो. पूर्वेला एक पांढरी पट्टी दिसत होती, ढग असेल म्हटलं. वीस मिनिटांत मला माझं पुढचं चाक जेमतेम दिसत होतं आणि दात वाजत होते. धुक्यात धारेवरून खाली उतरणाऱ्या सगळ्या वाटा सारख्याच वाटतात. पांढरी पट्टी जवळ येताना दिसली तर फोटो नंतर काढा, आधी नकाशावरची जागा पक्की करा आणि जवळचा डांबरी रस्ता धरा.

माळावरचं वेळापत्रकही असतं. मार्च ते जुलै जमिनीवर घरटी करणारे पक्षी, म्हणजे कर्ल्यू, टिटवी, गोल्डन प्लोव्हर, अंडी-पिल्लं सांभाळत असतात. या काळात वाट अजिबात सोडू नका. एखादा पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागला तर त्याचं घरटं जवळ आहे, थांबून बघत बसू नका, पुढे जा. वसंतात मेंढ्यांना कोकरं असतात आणि मेंढ्या इथे कुंपणाविना रस्त्यावर फिरतात. आई एका कडेला आणि कोकरू दुसऱ्या कडेला असेल तर ते नेमकं तुमच्या चाकासमोरून धावतं. उतारावर हे विसरू नका. ग्राउसची शिकार १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर चालते. सार्वजनिक वाट त्या दिवसांतही खुली असते, पण निशाणं आणि माणसांची रांग दिसली तर थांबून हात करा, ते पुढे सोडतात.

आणि आग. स्टोव्ह, शेकोटी, सिगारेट काहीही नको. ऑगस्ट २०२५ मध्ये लँगडेल मूरवर लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती, कारण पीट जमिनीखालून जळत राहतं. ज्या वाटांवर आपण प्रेमाने जातो त्यांच्या दोन्ही कडा काळ्या झालेल्या बघवत नाहीत.

७. वाटेवरचं वागणं आणि अडचण आली तर

घोडा दिसला की लांबूनच आवाज द्या. मागून गुपचूप आलेली सायकल घोड्याला शिकारी प्राण्यासारखी वाटते. स्वार सांगेल तेव्हाच, सावकाश, जागा ठेवून पुढे जा. फाटक जसं सापडेल तसंच सोडा: बंद होतं तर बंद, मुद्दाम बांधून उघडं ठेवलं होतं तर उघडं. ब्रॅकन नेच्यातून गेलात तर संध्याकाळी पाय, काखा, गुडघ्यामागची बाजू तपासा. गोचीड चिकटतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होऊ शकतो.

अपघात झाला तर ९९९ किंवा ११२ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू हवं असं सांगा. लगेच रेस्क्यू म्हटलंत तर ऐकणाऱ्याला कोणाकडे जोडायचं कळत नाही. नकाशावरचा ग्रिड संदर्भ तयार ठेवा. बोलण्याइतकी रेंज नसली तरी मेसेज जाऊ शकतो, पण त्यासाठी फोन आधी नोंदवलेला लागतो: ‘register’ हा इंग्रजी शब्द ९९९ वर पाठवायचा आणि उत्तरातल्या सूचना पाळायच्या. आत्ताच करून टाका, दोन मिनिटांचं काम. शिट्टीचा संकेत म्हणजे मिनिटात सहा फुंका, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा.

वेळ ठरवताना मी ताशी १० किलोमीटर धरतो आणि दर १०० मीटर चढाला दहा मिनिटं मिळवतो. थांबणं त्यात धरलेलं नाही.

८. पहिली फेरी: सिंडर ट्रॅक

स्कारबरो ते व्हिटबी, साधारण ३५ किलोमीटर. १८८५ मध्ये सुरू होऊन १९६५ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेचा हा मार्ग. रुळांखाली खडीऐवजी जळक्या कोळशाची राख टाकली होती, म्हणून सिंडर. रेल्वेचा असल्याने चढ सौम्य, वाट चुकायची भीती नाही, आणि तो राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक १ चा भाग असल्याने हक्काचा प्रश्न नाही. नवी सायकल, नवा टायर, नवा दाब, सगळं इथे तपासून घ्या.

मध्यावर रेव्हन्स्कार, सुमारे १९० मीटर उंचीवर. विसाव्या शतकाच्या तोंडावर इथे पर्यटकांचं मोठं गाव वसवायचं ठरलं होतं. रस्ते आखले गेले, घरं मात्र मोजकीच आली. ते रिकामे रस्ते आजही दिसतात. पुढे रॉबिन हुड्स बे या गावाकडचा लांब उतार आणि उजवीकडे अख्खा उपसागर. व्हिटबीजवळ तेरा कमानींच्या विटांच्या लार्पूल पुलावरून एस्क नदी ओलांडताना थांबा, कारण पुढची फेरी याच नदीच्या खोऱ्यातली आहे आणि तिसरी तिथे येऊन संपते. कुत्री फिरवणारे आणि लहान मुलं खूप असतात, वेग कमीच ठेवा.

९. दुसरी फेरी: एस्कचं खोरं

डॅनबी ते ग्रोमाँट, दोन्हीकडे रेल्वे स्टेशन. डॅनबीजवळचा डक ब्रिज हा मध्ययुगीन कमानीचा पूल, मग लीलम, ग्लेझडेल, एग्टन ब्रिज. बहुतेक लहान रस्ते, अधूनमधून मातीचे तुकडे. नदीकाठ म्हणजे सपाट, असं समजून मी निघालो होतो. प्रत्यक्षात नदीने अरुंद घळ कापलेली आहे आणि रस्ता दर थोड्या वेळाने कड्यावर चढतो आणि उतरतो. ग्लेझडेलपाशी १६१९ चा बेगर्स ब्रिज आहे, आणि त्याच्या लगेच पुढे लिंबर हिल, ३३ टक्के. तिथे उतरून ढकला, सगळेच ढकलतात. शेजारच्या रानातून जाणारी सुंदर फरसबंद वाट मोह घालेल, पण ती चालणाऱ्यांची आहे.

एग्टन ब्रिज ते ग्रोमाँट जुन्या टोल रस्त्याने जा. नदीलगत, सपाट, खडीचा, या फेरीतला सगळ्यात गोड तुकडा. वाटेत टोलच्या दरांची जुनी पाटी अजून आहे. घोडागाडीपासून शववाहिनीपर्यंत सगळ्यांचे दर तिच्यावर लिहिलेत.

याच मापाचा एक इशारा फार्नडेलबद्दल. डव्ह नदीकाठी मार्च-एप्रिलमध्ये रानटी डॅफोडिल फुलतात आणि लो मिल ते चर्च हाउसेस ही काठाची वाट पिवळी होते. ती फुटपाथ आहे. सायकल लो मिलला कुलूप लावून ठेवा आणि चालत जा. चालतच बघण्यासारखी आहे.

१०. तिसरी फेरी: इंगलबी इंक्लाइन आणि खनिजाची रेल्वे

पहिल्या दोन नीट झाल्या की मगच ही. बॅटर्सबी स्टेशन ते कॅसलटन मूर स्टेशन, एकूण ३० किलोमीटरच्या आसपास. आकडा लहान आहे, दिवस मोठा धरा.

मिडल्सब्रोहून व्हिटबीकडे जाणारी गाडी बॅटर्सबीला येऊन तोंड फिरवते. गाडीत साधारण दोनच सायकलींची जागा असते आणि दिवसात गाड्या मोजक्या. गटाने जाणार असाल तर दोन-दोनच्या जोड्या करा, वेगवेगळ्या गाड्यांनी या. चौघं मिळून एकाच गाडीला गेलो तेव्हा आम्ही दोघं फलाटावरच राहिलो होतो.

स्टेशनवरून दक्षिणेला, शेतांतून आणि जंगलाच्या ट्रॅकने इंक्लाइनच्या, म्हणजे जुन्या रेल्वेच्या उभ्या चढाच्या, पायथ्याशी. रोझडेलमधलं लोहखनिज खाली आणण्यासाठी १८६१ मध्ये ही रेल्वे सुरू झाली. माथ्यावरून भरलेले डबे दोराने खाली सोडायचे आणि त्यांच्या वजनावर रिकामे वर खेचले जायचे. जवळजवळ १.३ किलोमीटरची सरळ रेघ, सगळ्यात उभ्या जागी पाचास एक चढ, आणि खाली सुटे दगड. थोडे जण चालवत चढतात. मी प्रत्येक वेळी ढकलतो आणि अर्ध्या तासाची सोय ठेवतो. वर पोहोचल्यावर मागे वळा. टीज नदीकाठचं सपाट मैदान अगदी पायाशी दिसतं.

आणि मग जादू होते. माथ्यावर रेल्वे तशीच पुढे जायची, म्हणून इथून वाट जवळपास सपाट आहे. ब्लोवर्थ क्रॉसिंगपाशी वेगवेगळ्या दिशांच्या वाटा मिळतात: क्लीव्हलंड वे ही लांब पल्ल्याची वाट, दक्षिणेकडे जाणारा रुडलंड रिगचा प्राचीन रस्ता, आणि पूर्वेकडे जाणारा आपला रेल्वेमार्ग. इथे थांबून नकाशा बघाच. धुक्यात इथे चुकलेला माणूस वेगळ्याच खोऱ्यात उतरतो. इथून ब्लेकीपर्यंत साधारण ९ किलोमीटर वाट फार्नडेलच्या डोक्यावरून प्रत्येक ओघळीत आत शिरत आणि बाहेर येत जाते. एका बाजूला हेदर, दुसऱ्या बाजूला खाली हिरवं खोरं, आणि कानांत फक्त वारा आणि ग्राउसचा तो ‘गो-बॅक, गो-बॅक’ आवाज. पाणी निचरायला आडव्या खोदलेल्या चऱ्या अचानक येतात, नजर दहा मीटर पुढे ठेवा. १९२९ मध्ये रेल्वे बंद झाली. एवढ्या उंचावर, हिवाळ्यात बर्फात अडकत, माणसांनी अडुसष्ट वर्षं हे चालवलं, हे त्या भरावावरून जाताना मनातून जात नाही.

ब्लेकीला लायन इन या जुन्या खानावळीत ऊब मिळते. वारा किंवा पाऊस वाढला असेल तर इथूनच पुढचा भाग रद्द करायची तयारी ठेवा, डांबरी रस्ता दाराशी आहे. नाहीतर त्याच रस्त्याने उत्तरेकडे निघा. वाटेत यंग राल्फ हा दगडी क्रॉस लागतो, राष्ट्रीय उद्यानाच्या बोधचिन्हावरचा. रोझडेलच्या रस्त्याला थोडं वाकडं गेलात तर फॅट बेटी हा पांढरा बुटका दगड. तिथे प्रवासी काहीतरी खाऊ ठेवतात आणि आधीच्याने ठेवलेलं उचलतात. मी एक बिस्किटाचा पुडा ठेवून कोणाचं तरी चॉकलेट घेतलं होतं.

यंग राल्फपासून कॅसलटन रिगवरून लांब उतार. जॅकेट आणि हातमोजे वरच चढवा, घामाने भिजलेल्या अंगाला हा वारा दहा मिनिटांत गारठवतो आणि बधिर बोटांनी ब्रेक ओढवत नाहीत. कॅसलटन गावातून स्टेशन आणखी खाली, नदीपलीकडे आहे. गावात पोहोचलात म्हणजे स्टेशनवर पोहोचलात असं धरू नका, दहा मिनिटं हातात ठेवा. परतीच्या गाडीची वेळ सकाळीच कागदावर लिहून घ्या, आणि तिच्या नंतरची कधी आहे तेही.